बापाची कामं कुणी करायची?

१८७९ साली कृष्णराव गोखले वारले, तेव्हा थोरला गोविंद जेमतेम अठरा वर्षांचा होता आणि धाकटा गोपाळ तेरा. गोविंदानं शिक्षण सोडलं, महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या भावाला पाठवू लागला. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचं घर. गोपाळ तिकडे हातानं स्वयंपाक करून शिकला आणि १८८१ साली मॅट्रिक झाला. आता आपणही नोकरी धरावी, भावाचं ओझं हलकं करावं असं तो म्हणू लागला, पण घरच्यांनी ऐकलं नाही. वहिनीनं कॉलेजच्या खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून द्यायची तयारी दाखवली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ यांच्यामुळे २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गोपाळ कृष्ण गोखले पदवीधर झाले.

या सगळ्यातलं एकच दृश्य आपल्या लक्षात राहिलं आहे: रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा पोरगा. बापाविना वाढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला कुणी ना कुणी हा दिवा दाखवतंच. बघ, त्यांनी कसं केलं. मनात जिद्द पाहिजे. दिव्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गोविंदराव, वहिनी आणि वर्ड्‌स्वर्थ यांना गाळून ती गोष्ट सांगितली, की एकट्या पोरानं दातओठ खाऊन जग जिंकल्याची कथा तयार होते, आणि तसं काही घडलेलंच नव्हतं.

बाप घरात नेमकं काय करतो? पैसा आणतो, हे झालंच. ‘अभ्यास झाला का?’ असं विचारतो. दहावीनंतर कुठे जायचं यावर मत देतो, चुकीचं का होईना. तलाठ्याकडे, बँकेत, कॉलेजच्या खिडकीवर सोबत उभा राहतो. स्वतः रोज सकाळी उठून कामाला जातो. मन नसलं तरी माणूस कामाला जातो, हे मुलाला तिथेच बघायला मिळतं. निकाल लागला की चार लोकांत सांगतो. माणूस एक, कामं पाच-सहा. गेलेला माणूस दुसरा आणता येत नाही. त्याची कामं मात्र वेगवेगळ्या लोकांत वाटता येतात. ती वाटली गेली नाहीत, तर सगळी मुलाच्या अंगावर येऊन पडतात. मग त्यानं स्वतःच स्वतःला उठवायचं, स्वतःच विचारायचं, रागवायचंही स्वतःच आणि शाबासकीही स्वतःच द्यायची. अशा वेळी शिस्त लागत नाही म्हणून तो स्वतःला आळशी म्हणवून घेतो. खरं तर तो एकटा चार माणसांची पाळी भरत असतो.

गोखल्यांच्या बाबतीत पैशाचं काम भावानं उचललं, पाठबळाचं वहिनीनं. ‘काय वाचलंस, काय लिहिलंस, पुन्हा लिही’ हे काम न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी केलं, आणि तेही १९०१ साली स्वतःचा मृत्यू होईपर्यंत, सुमारे चौदा वर्षं. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, टिपणं करायची, ती रानड्यांना दाखवायची. गोखल्यांची पुढची सगळी अर्थसंकल्पीय भाषणं या तालमीतून आली. रानडे काही लाड करणारे नव्हते. पण कुणीतरी वाट पाहतंय, कुणीतरी तपासणार आहे, ही जाणीव त्या विशीतल्या माणसाला आयतीच मिळाली.

हे एका थोर माणसाच्या चरित्रापुरतं नाही, असं म्हणायला चांगला आधार आहे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञ बायकांनी पुढे तीस-चाळीस वर्षं मागोवा घेतला. यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, दारू, आईवडिलांपैकी कुणाचा आजार किंवा ताटातूट अशा अनेक अडचणी एकदम घेऊन वाढत होती. त्यातल्या बहुसंख्यांचं पुढे बिनसलं. पण दर तिघांतलं एक मूल नीट वाढलं, शिकलं, कामाला लागलं, माणसांत राहिलं. या मुलांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे त्यांच्यावर भरवसा ठेवणारं निदान एक मोठं माणूस. ते आईबापच असायला हवे असं काही नव्हतं. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, धर्मगुरू, कुणीही चाललं. दुसरी गोष्ट मला जास्त रंजक वाटते. यातल्या बऱ्याच मुलांवर धाकट्या भावंडांची किंवा घरातल्या एखाद्या कामाची खरीखुरी जबाबदारी होती. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे त्यांना माहीत होतं.

मात्र याच अभ्यासाची दुसरी बाजूही बघायला हवी, कारण ‘संकटं माणसाला घडवतात’ या वाक्याचं आपल्याला भलतंच वेड आहे. तिघांतलं एक तरलं, म्हणजे दोघं अडखळली. चरित्रं तरलेल्यांचीच लिहिली जातात. बाप लवकर गेलेल्या मोठ्या माणसांची यादी करता येते, तशी बाप लवकर गेल्यामुळे शाळा सुटलेल्यांचीही करता येईल. फक्त ती कुणी छापत नाही. बाप नसणं हा काही गुप्त फायदा नाही. ती उणीव आहे, आणि उणीव भरून काढायला लागतात त्या गोष्टी बऱ्याचशा साध्या आणि व्यावहारिक आहेत.

आता मनाकडे येऊ. ‘बाप नाही’ या दोन शब्दांत अनेक वेगळ्या परिस्थिती असतात. मृत्यू झाला तर निदान लोक भेटायला येतात, दहावा-तेरावा होतो, शाळेत बाई जवळ घेतात. पण बाप सोडून गेला, दुसरं घर थाटलं, किंवा घरातच आहे पण संध्याकाळी सातनंतर शुद्धीवर नसतो, तर? अमेरिकेतल्या पॉलिन बॉस या संशोधिकेनं अशा वियोगाचा आयुष्यभर अभ्यास केला. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून तिची सुरुवात झाली. माणूस गेला म्हणावं तर गेलेला नाही, आहे म्हणावं तर हाताशी नाही. अशा वेळी दुःख कुठे ठेवायचं हेच कळत नाही आणि माणूस जागच्या जागी अडकून पडतो, असं तिला दिसलं. दारुड्या बापाच्या मुलाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्याला रागही येतो, मायाही असते, आणि राग आला म्हणून अपराधीही वाटतं. त्याच्या दुःखाला तेरावा नसतो.

मृत्यूच्या दुःखाबद्दलही आपली एक पक्की समजूत असते, की ते हळूहळू, एका सरळ रेषेत कमी होत जातं. नेदरलँड्‌समधले मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली वेगळं चित्र मांडलं. शोकातला माणूस दोन बाजूंना येत-जात असतो: एकीकडे गेलेल्याची आठवण, रडणं, ओढ, दुसरीकडे रेशनकार्डावरचं नाव, फी, नवी कामं, क्रिकेटची मॅच. दोन्हीकडे जाणं हेच निरोगीपणाचं लक्षण. म्हणून पंधराव्या दिवशी मित्रांबरोबर हसणारं पोर निर्दयी नसतं, आणि चार वर्षांनी बारावीच्या निकालादिवशी कोपऱ्यात जाऊन रडणारी मुलगी मागे गेलेली नसते. मुलांच्या बाबतीत तर हे दुःख वयाच्या प्रत्येक टप्प्यावर नव्यानं भेटायला येतं, कारण आठ वर्षांच्या मुलाला बापाचं जे हवं असतं ते अठराव्या वर्षी वेगळं असतं. पहिला पगार, लग्न, स्वतःचं मूल, तेव्हाही हे होतं.

अशा दिवशी अभ्यास कसा करायचा? आपला सर्वसाधारण समज असा, की आधी मन ताळ्यावर यावं, मग काम. दुःख ओसरलं की पुस्तक उघडू. यात काही चूक वाटत नाही, पण काम टाळण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉय हे टाळाटाळीवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, की माणूस वेळेचं गणित चुकल्यामुळे काम पुढे ढकलतो असं फारसं नसतं. त्या कामासोबत येणारी नकोशी भावना तो टाळत असतो. गणिताचं पुस्तक उघडलं की ‘हे मला बाबा शिकवायचे’ हे आठवतं. मग मोबाइल हातात येतो. दहा मिनिटं बरं वाटतं, आणि त्या दहा मिनिटांची किंमत रात्री अकरा वाजता अपराधी भावनेच्या रूपात चुकवावी लागते. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक आणखी जड झालेलं असतं.

याच्या उलट दिशेनं जाणारी एक उपचारपद्धती आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. तिचं तत्त्व साधं आहे: मनःस्थिती सुधारण्याची वाट न बघता छोटी, ठरलेली, आपल्या दृष्टीनं अर्थ असलेली कामं सुरू करायची, मन त्यांच्या मागून येतं. तिची सर्वांत सुंदर चाचणी आपल्या शेजारी गोव्यात झाली. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेनं गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या जवळपास पाचशे रुग्णांवर हा प्रयोग केला. समुपदेशन करणारे ना मनोविकारतज्ज्ञ होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या लोकांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. सहा ते आठ बैठका, कधी केंद्रात, कधी रुग्णाच्या घरी. दिवसभरात काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं याची नोंद, मग पुढच्या आठवड्यासाठी एक-दोन कामं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या कक्षेबाहेर आले होते, तर आरोग्य केंद्राचे नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१७ साली हे निष्कर्ष छापून आले.

मला या प्रयोगातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रुग्णाला कुणी ‘मन खंबीर कर’ असं सांगितलं नाही. मनाला बाजूला बसू दिलं आणि हातापायांना काम दिलं. शिवाय पुढच्या आठवड्यात कुणीतरी येऊन विचारणार होतं.

घरी हे कसं करायचं, तर काम इतकं बारीक करायचं की रडत रडतही ते होईल. ‘आज भौतिकशास्त्राचं प्रकरण संपवीन’ हे वाईट दिवशी होत नाही. ‘जेवण झालं की ताट धुऊन तिथूनच टेबलाशी जाईन आणि एक उदाहरण सोडवीन’ हे होतं. पेटर गोलवित्सर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ या धाटणीच्या ठरावांवर बरीच वर्षं काम केलं आहे. २००६ साली त्यानं आणि पास्कल शीरननं ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसता निश्चय करण्यापेक्षा अशी वेळ-जागा बांधून केलेली योजना ठळकपणे जास्त उपयोगी पडते असं दिसलं. कारण ऐन वेळी मनाला विचारावं लागत नाही. बसू का नको, हा वाद आदल्या दिवशीच मिटलेला असतो.

गोखल्यांचाच एक कागद इथे बघण्यासारखा आहे. १८९७ साली विलायतेत असताना, पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी ऐकीव पत्रांच्या आधारे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. इंग्रज हसले, स्वकीयांनी भित्रा म्हटलं. माणूस आतून पार मोडला होता. १८९८ च्या सुरुवातीला त्यांनी दत्तात्रेयाचं नाव घेऊन स्वतःसाठी संकल्पांची यादी लिहिली. नियमित योगाभ्यास, इतिहास, तत्त्वज्ञान, खगोल, भूगर्भ, फ्रेंच भाषा, आणि शिवाय मुंबई कायदेमंडळाचं, मग वरिष्ठ कायदेमंडळाचं, मग थेट ब्रिटिश संसदेचं सदस्यत्व! आजच्या मानसशास्त्रज्ञानं ही यादी बघितली तर तो डोक्याला हात लावेल. यातलं उद्या सकाळी करता येण्याजोगं फार थोडं आहे. पण गोखल्यांना यादीपलीकडे एक गोष्ट उपलब्ध होती. फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे तास ठरलेले होते आणि रानडे अजून हयात होते. रोजची चाकोरी मोडली नव्हती. दोन वर्षांच्या आत ते मुंबई कायदेमंडळात पोहोचले, त्यानंतर वरिष्ठ कायदेमंडळातही.

चाकोरी पडायला किती दिवस लागतात? एकवीस, असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि त्याला काही आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण खरी गंमत पसाऱ्यात आहे: कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. सवय जितकी अवघड तितका वेळ जास्त. मधला एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं नुकसान होत नाही, असंही त्यांना आढळलं. शोकातल्या माणसासाठी ही मोठी सवलत आहे, कारण त्याचे काही दिवस चुकणारच आहेत. वर्षश्राद्ध येतं, वाढदिवस येतो, कुणाच्या तरी लग्नात कुणाचे तरी बाबा नाचतात. चुकलेल्या दिवसाबद्दल स्वतःला झोडपणं हे वरून शिस्तीसारखं दिसतं, पण काम बिघडवतं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात ११९ विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१० च्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली.

पुण्यात सदाशिव पेठेत आणि आता जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी अभ्यासिका निघाल्या आहेत. महिन्याचे पैसे भरायचे, एक खुर्ची, एक प्लग, आणि आजूबाजूला माना खाली घातलेली चाळीस पोरं. पुस्तकं तीच, जी खोलीवरही वाचता आली असती. तरी मुलं पैसे देऊन तिथे बसतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. ‘अजून बसलाय का?’ हे न बोलता विचारणारे चाळीस जण तिथे असतात. बापाच्या यादीतलं एक काम असं महिन्याच्या भाड्यानं मिळतं. ज्याला भाडं परवडत नाही त्याला गावचं वाचनालय चालतं, शाळेतल्या सरांना रोज रात्री नऊ वाजता वहीच्या पानाचा फोटो पाठवणं चालतं, किंवा एखादी मैत्रीण, जी दर रविवारी फक्त एवढंच विचारेल की ठरलं होतं त्यातलं किती झालं. कुणाला तरी हे काम तोंडानं मागावं लागतं, आणि तेच जड जातं. मदत मागितली की ‘बापाविना पोर’ ही ओळख पुन्हा पुढे येते, अशी भीती असते. म्हणून संपूर्ण माणूस मागू नये, एक काम मागावं. ‘काका, मला आधार द्या’ याला काकांकडे उत्तर नसतं. ‘काका, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला शनिवारी येता का?’ याला असतं.

नातेवाइकांनीही एक सवय सोडायला हवी. अंत्यविधीवरून परतलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता’ असं सांगणं. भावना चांगली असते. पण त्या क्षणी ज्याचा बाप गेला त्यालाच बाप व्हायला सांगितलं जातं, आणि ‘आईसमोर रडू नकोस’ हे त्याला जोडूनच येतं. मुलगी असेल तर आईचं मन सांभाळायचं आणि घरही सांभाळायचं, हे न सांगताच गृहीत धरतात. कवाईच्या मुलांना जबाबदारीनं बळ दिलं ते खरं, पण ती पेलण्याजोगी होती आणि मागे कुणीतरी मोठं उभं होतं. गोविंदराव गोखल्यांवर मात्र सगळं घरच येऊन पडलं. त्यांचं शिक्षण सुटलं ते सुटलंच, आणि त्यांच्या दिव्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

पैशाचा भाग तर निव्वळ माहितीअभावी अडतो. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात पात्र मुलाला अठराव्या वर्षापर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतो. कागदपत्रं गोळा करणं, चकरा मारणं, हे नेमकं बापानं केलं असतं असं काम आहे, आणि ते एखाद्या मामानं किंवा शिक्षकानं अंगावर घेतलं तर पाच सांत्वनभेटींपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

शिस्तीच्या या सगळ्या युक्त्यांना एक मर्यादा आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, कशातच मन रमत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण सगळ्यांना भार झालोय असे किंवा मरणाचे विचार येत असतील, तर तो आळस नाही आणि वेळापत्रकानं जाणाराही नाही. तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची सेवा मिळते. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन आजारी माणसानंच करायला हवा असं नाही. मुलाची काळजी वाटणारी आई, मावशी किंवा वर्गशिक्षकही तिथे सल्ला विचारू शकतात.